पूजेतलं कुलूप

नोकरीतले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. पण बंगळूरमधली त्या कुलपाची घटना आजही जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दसऱ्याची सकाळ होती. आदल्या दिवशी खंडेनवमी, आमच्या कर्नाटकात तिला आयुधपूजा म्हणतात. ज्याची त्याची पोटापाण्याची हत्यारं चौरंगावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्या काठ्या, बेड्या, जीपच्या किल्ल्या सगळं पूजेत बसलं होतं. दफेदार, म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबल, निपाणीकडचे आणि या बाबतीत फार कडक. भटजी येईपर्यंत त्यांनी मला माझी छडीसुद्धा उचलू दिली नव्हती. अशा निःशस्त्र अवस्थेत आम्ही शहराचं रक्षण करत होतो.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. तीन पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर, चिकपेटला कापडाचं छोटं दुकान. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. हातात तुटलेलं कुलूप आणि अंगठ्याला चिंधी.

"साहेब, गॅरेज फोडलं! आमच्या हिचं एम्ब्रॉयडरीचं मशीन नेलं. पण कुलपं होती हां शटरला. दोन दोन होती. भक्कम. विमा कंपनीनं सांगितली तशीच."

"मशीन केवढं होतं?"

"कुलपं पाच लिव्हरची होती साहेब."

ज्याची वस्तू गेलेली असते तो वस्तूबद्दल बोलतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ कुलपाबद्दलच बोलत होते. घराच्या विम्यात गॅरेजमधल्या मशीनचाही समावेश होता. अट अशी, की शटरला दोन्ही बाजूंनी कुलूप हवं आणि चोरी झाल्यास चोर जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण दिसायला हवी. खूण नाही तर भरपाई नाही. अण्णांनी खूण सोबतच आणली होती.

"आणि अंगठ्याला काय झालं?"

"नारळ फोडताना लागलं."

मी कुलूप जप्त केलं आणि घरफोडीचा गुन्हा नोंदवला. एकूण ऐवजापेक्षा मला एका गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. दुकान बसल्यापासून घर चालायचं ते अक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, त्या मशीनवर. लग्नसराई तोंडावर आली होती आणि नवऱ्या मुलींचे ब्लाऊज अर्धवट पडले होते. मशीन मिळालं नाही तर त्या घराची चूल थंडावणार, हे सांगायला पोलीस लागत नव्हता.

तासाभरातच चिकपेटमधून जुन्या शिलाई मशीनच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. हेही मराठीच.

"साहेब, एक माणूस लगेज ऑटोतून मशीन विकायला आणलाय. मशीनच्या अंगावर कुंकू हाय, झेंडूची माळ हाय. उत्तरपूजा झाली नाही अजून! दसऱ्याला पूजेतलं मशीन कोण विकतंय हो? माणूस उपाशी राहील, पण आज लक्ष्मी घराबाहेर काढणार नाही. मी त्याला कॉफी पाजत बसवलोय. लवकर या."

जीपच्या किल्ल्या चौरंगावर असल्यामुळे आम्ही रिक्षानं गेलो. माणूस पाहताच दफेदार हसले, कारण तो आमच्या ठाण्याचं जुनं गिऱ्हाईक निघाला. बेड्याही पूजेत, म्हणून येताना दफेदारांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. पाहणाऱ्याला वाटलं असतं, जावयाला दसऱ्याला घरी नेत आहेत.

चोरी त्यानं रिक्षातच कबूल केली. ठाण्यात चौकशीला बसल्यावर मात्र गडी अडला. त्याचं कन्नड मराठीत सांगतो.

"कुलूप? कुठलं कुलूप? शटर नुसतं खाली ओढलेलं होतं. मी वर केलं, नमस्कार केला आणि मशीन उचललं."

"नमस्कार कुणाला केलास?"

"पूजा मांडलेली होती ना साहेब. चपला बाहेर काढल्या होत्या मी. समईला हात तरी लावला का, विचारा."

समई खरोखरच जागेवर होती, पंचनाम्याला गेलेल्या शिपायानं तसं लिहून आणलं होतं. मी तुटलेलं कुलूप त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे असं ठोकलंय? कुणी अडाण्यानं केलंय हे. माझ्या नावावर घालू नका साहेब. चोरी लावा, घरफोडी नको."

चोर खोटं बोलतात, पण अपमान झाल्यासारखे खोटं बोलत नाहीत. मी विचारात पडलो.

दुपारी भटजी आले आणि आमची उत्तरपूजा झाली. दफेदार एकेक वस्तू चौरंगावरून उचलू लागले. शेवटी एक मोठं कुलूप उचललं.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"मुद्देमालाच्या खोलीचं, साहेब. सगळ्या ठाण्याचं रक्षण करतंय, त्याला पूजेत नको?"

"आणि खोली?"

"दार ओढून घेतलंय की."

म्हणजे जप्तीचा सगळा माल रात्रभर देवाच्या भरवशावर होता. ओरडायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्या कुलपावर खिळली. कडीच्या आतल्या वळणात कुंकू होतं आणि पाठीला ओल्या हळदीत चिकटून वाळलेल्या अक्षता. मी अण्णांचं कुलूप काढलं. तसंच कुंकू आणि तशाच अक्षता. शटरला लावलं असतं तर पत्र्याला घासून अक्षता केव्हाच गळाल्या असत्या. ते रात्रभर चौरंगावरच होतं.

संध्याकाळी मशीन ओळखायला अण्णा-अक्का दोघंही आले. अक्का काटक, गळ्यात दोरीला चष्मा. मशीन पाहताच त्यांचे डोळे भरले, पण पहिलं वाक्य वेगळंच होतं.

"स्वल्प थांबा साहेब, उत्तरपूजा राहिलीय." दफेदारांनी धावत अक्षता आणून दिल्या. अक्कांनी मशीनवर वाहिल्या, हात जोडले आणि मग म्हणाल्या, "हेच माझं."

मी विचारलं, "अक्का, काल पूजेत काय काय ठेवलं होतं?"

"मशीन जड, म्हणून त्याची जागेवरच पूजा केली. कात्री, टेप, ह्यांचा हातोडा आणि शटरची दोन्ही कुलपं देवघरात. विमावालाच म्हणाला होता, 'अक्का, पॉलिसी नुसता कागद, खरं शस्त्र हे कुलूप.' मग पूजा नको करायला? मी बहिणीकडे मुक्कामाला गेले. हे म्हणाले, शटरचं मी बघतो."

"मग अण्णा, ती कुलपं रात्री शटरला लागली कशी?"

अक्का गर्रकन वळल्या. "तुम्ही उचललीत? उत्तरपूजेआधी?"

समोर पोलीस आणि शेजारी बायको. कुलपं लावली म्हणावं तर देवाचा अपराध, नाही म्हणावं तर कायद्याचा. अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं आणि निकाल लागला.

"नाही ग! देवाशप्पथ नाही उचलली. शटर नुसतं खाली ओढून घेतलं."

"मग सरी, बरं केलंत," अक्कांनी सुटकेचा श्वास टाकला.

अण्णांचा बांध मात्र फुटला. "सकाळी बघतो तर मशीन नाही. कंपनी म्हणणार, तोडल्याची खूण दाखवा. तुला दुसरं मशीन मी कुठून आणून दिलं असतं? म्हणून तोडलं."

"कशानं?" अक्कांनी विचारलं.

"हातोड्यानं."

"कुठल्या?"

अण्णा अंगठ्याची चिंधी नीट करू लागले. घरात हातोडा एकच होता.

"पूजेतला?" अक्का उठून उभ्या राहिल्या. "साहेब, ह्यांना तुम्ही आतच ठेवा."

मला हसू आवरत नव्हतं आणि रागही आला होता. खोट्या फिर्यादीनं काय होतं, एका माणसावर न केलेला गुन्हा कसा चिकटला असता, हे मी अण्णांना कडक शब्दांत सांगितलं. विम्याचा अर्ज अजून गेला नव्हता, म्हणून ते वाचले. नवा जबाब घेतला, वरिष्ठांना कळवलं, घरफोडीचं कलम काढलं आणि चोरीचं ठेवलं. आत बसलेल्या चोरानं दफेदारांकरवी अण्णांना नमस्कार सांगितला.

निघताना मी शेवटचं सुनावलं, "एवढी भक्कम कुलपं घ्यायची आणि दार बिनकुलपाचं ठेवायचं? कमाल आहे!"

अक्का चौरंगाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "साहेब, सकाळी दफेदार ह्यांना म्हणत होते म्हणे, ठाण्याचं कुलूपसुद्धा पूजेत आहे. ते कुठल्या दाराचं?"

दफेदार छताकडे पाहू लागले. मी फाईल उघडली.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. काही जण घाबरून बोलतात, काही जण घरच्या माणसासाठी. गुन्हा तो गुन्हाच, पण लबाडाकडे आणि अशा माणसाकडे एकाच नजरेनं पाहता येत नाही. अण्णांच्या जागी मी असतो तर मीही हातोडा शोधला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर अक्का मशीन न्यायला आल्या, तेव्हा पिशवीतून एक कोरं कुलूप काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"आमच्या शटरसाठी जादा घेतली, तेव्हा तुमच्यासाठीही एक घेतलं. पूजेचं वेगळं, दाराचं वेगळं."

सबंध नोकरीत फिर्यादीकडून मी घेतलेली ती एकच वस्तू. निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडताना मुद्देमालाच्या खोलीशी थांबलो आणि ते कुलूप एकदा ओढून पाहिलं. दाराला होतं.