बर्फात ठेवलेली पिशवी

आमचे धाकटे भावजी सायकलच्या संघात नोकरीला होते. पोरं त्यांना मामा म्हणत. चाकं बदलायची आणि बाटल्या गार ठेवायच्या, हे त्यांचं काम. बर्फात मूठभर मीठ टाकून ते पाणी असं गार करीत की दातच वाजावेत. त्याचा त्यांना कोण अभिमान!

संघ आधी शेवटून पहिला येई. मग एका कारखानदाराने पैसा ओतला, नवा साहेब आला आणि साहेबामागोमाग एक डॉक्टर. पोरं जिंकू लागली आणि सुया टोचून घेऊन पिसाळलीही. जेवता जेवता एकाने दुसऱ्याच्या तोंडावर पंप हाणला, दात ताटात पडले. साहेब म्हणे, अंगात रग हवीच. मी नोकरी सोडा म्हटलं, तर भावजी म्हणाले, आगीतून उठून कुठल्या फुफाट्यात जाऊ?

डॉक्टर पोरांचं रक्त काढून ठेवी आणि ऐन शर्यतीच्या तोंडावर पुन्हा चढवी, म्हणजे दम वाढतो. मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने कप्तानाच्या रक्ताची पिशवी भावजींकडे दिली. गार ठेव, एवढंच सांगितलं. भावजींनी ती बाटल्यांसारखीच मिठाच्या बर्फात खोल पुरली. रक्ताचा दगड झाला. सकाळी पिशवी कोमट पाण्यात ठेवून, रक्त पातळ झाल्यावर डॉक्टरला देऊन टाकली. गोठून वितळलं की रक्तातल्या पेशी फुटतात, ते रक्त विषासमान, हे त्या बापड्याला काय ठाऊक?

चढवल्यावर थोड्याच वेळात कप्तान हुडहुडीने खाटेवर आपटू लागला. लघवी काळी झाली. डॉक्टरने भावजींना पिशवी कशी ठेवली ते विचारलं, उत्तर ऐकलं आणि बॅग उचलून जो निघाला तो निघालाच. साहेबाने कप्तानाच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. दवाखान्यात नेलं तर सगळंच बाहेर येईल, ताप आहे, उतरेल, म्हणाला.

"मामा, पाठ फुटतेय रे," कप्तान आतून कण्हत होता.

भावजी कुलूप फोडायला गेले. साहेबाच्या ड्रायव्हरने त्यांना धरलं आणि साहेबाने उलट्या टांगलेल्या सायकलचं चाक गरगर फिरवून त्यांचा डावा हात आऱ्यांत घातला. दोन बोटं गेली. भावजींनी उजव्या हाताने सायकली बांधायची जाड साखळी ओढून साहेबाच्या गुडघ्यावर घातली, हाड मोडल्याचं ऐकू आलं म्हणे. ड्रायव्हर पळाला. साहेबाच्याच खिशातली किल्ली काढून भावजींनी दार उघडलं आणि कप्तानाला पाठीवर घातलं. दवाखान्यात आपल्या हाताआधी त्याचं सांगितलं: "रक्त मी गोठवलं, आमच्या डॉक्टरने चढवलं. याला वाचवा."

त्यावर पोलीस आले, कारखानदाराने हात वर केले, संघ बुडाला.

कप्तान बरेच दिवस यंत्रावर होता. मी दोघांसाठी देवाला साकडं घातलं होतं. आज शुद्धीत आल्याचं कळताच भावजी धावत गेले. त्याने उशाजवळचा स्टीलचा पेला उचलून त्यांच्या कपाळावर फेकला. तोंड उघडलंस म्हणून माझी शर्यत गेली, म्हणाला.

भावजी रक्ताने माखून घरी आले. मी हळद दाबत होते, तर भावजी हसतायत.

"वहिनी, नेम बघा पोराचा. हातात ताकद आली हो."