ओसेवेची भाषा

प्रिस्का अकेयोनं बावीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवलं. सेवेतून सुटल्यावर घरी कोंबड्या पाळाव्यात असा तिचा बेत होता. पण जिल्हा कोर्टाला तिचा पत्ता लागला आणि कोंबड्या राहिल्या. ज्यांना कोर्टाचं बोलणं कळत नाही आणि ज्यांचं कोर्टाला कळत नाही, अशांच्या शेजारी बसायचं, इकडचं तिकडे पोचवायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही, असं ते काम. तशी शपथच घ्यावी लागे.

ओसेवेचं प्रकरण तिच्याकडे आलं तेव्हा तो चौदा महिने कच्च्या कैदेत होता. जन्मापासून बहिरा, शाळेचं तोंड न पाहिलेला, तळ्यावर मासेमारी करणारा तिशीतला गडी. दुसऱ्याची होडी ओढून नेताना सापडला, म्हणून चोरीचा आरोप. प्रत्येक तारखेला खुणांच्या भाषेचा दुभाषी येई, हातवारे करून पाही आणि म्हणे, "साहेब, याला काहीच येत नाही." मग पुढची तारीख.

तुरुंगात अकेयो त्याच्यासमोर तासभर बसली. त्याचे हात भराभर चालत होते. म्हणजे भाषा होती, फक्त ती त्याच्या घरची होती. ती तडक त्याच्या गावी गेली.

ओसेवेची आई दारात ओमेनाचे बारीक मासे वाळत घालत होती. अकेयोनं कशासाठी आले ते सांगितलं, तशी म्हातारी म्हणाली, "तुला शिकवत बसले तर चुलीकडे कोण बघणार? ही मक्याच्या पिठाची उगाली तू ढवळ बाई, मी हात हलवते."

तीन दिवस अकेयो चुलीपाशी शिकली. बोटं फाकून पसरली की पाण्यावर माजलेली जलपर्णी. जुन्या रीतीप्रमाणे म्हातारीचे खालचे दात काढलेले होते, म्हणून खालचा ओठ ओढला की आई. तळहात पालथा धरून हलवला की पोहणारा मासा, म्हणजे जिवंत. तोच उताणा केला की मेला.

"बाप गेला तेव्हा असंच सांगितलं मी त्याला," म्हातारी म्हणाली. "सहा वर्षांचा होता. लगेच समजला." मग हळूच विचारलं, "सुटेल ना गं माझा?"

"त्याचं म्हणणं त्यांना कळेल, आई. एवढं मी नक्की करीन."

सुनावणीला अकरा दिवस उरले असताना म्हातारी तापानं गेली. ओसेवेचा चुलता अकेयोकडे आला. "बाई, त्याला आत्ता सांगू नका. कोर्टात उभा राहायचा नाही तो." अकेयोनं मान डोलावली खरी, पण तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, "या बाईंनी त्याला पढवून आणलंय."

"त्यानं आणि त्याच्या आईनं मला पढवलंय, साहेब," अकेयो म्हणाली.

ओसेवेनं सगळं सांगितलं. जलपर्णीत रिकामी होडी अडकली होती, दोर तुटका होता, तो ती काठाला आणत होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी होडीच्या मालकाला विचारलं, "दोर कसा होता?" तो खाली बघत म्हणाला, "जुना होता. तुटलेलाच मिळाला." आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

बोलता बोलता ओसेवेनं बाकांवरून नजर फिरवली आणि खालचा ओठ ओढला.

"काय म्हणतोय?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

अकेयो चुलत्याकडे बघत म्हणाली, "विचारतोय, आई कुठाय."

चुलत्यानं उठून चार शब्दांत खरं काय ते सांगितलं. ओसेवे एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मॅजिस्ट्रेटबाईंनी तिथल्या तिथे त्याला निर्दोष सोडलं, मग चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, आता तुम्हीच सांगा त्याला."

बाहेर आंब्याखाली अकेयोनं ओठ ओढला आणि तळहात उताणा केला. ओसेवे हसला. शिकाऊ बाईची चूक झाली असं त्याला वाटलं. त्यानं तिचा हात धरून पालथा केला, मासा पोहता केला. तिनं पुन्हा उताणा केला. त्यानं पुन्हा पालथा केला, या वेळी जोरानं. तिसऱ्यांदा मात्र त्यानं तो तसाच राहू दिला. मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून पायरीवरचे पोलीससुद्धा टोप्या काढून उभे राहिले.

अकेयो अजूनही महिन्यातून एकदा त्याच्याकडे जाते. कोर्टाचं काहीच काम नसतं. पण त्याची भाषा कळणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. तो महिनाभराचं साठलेलं सांगत बसतो आणि ती, काही खुणा कळत नसल्या तरी, ऐकून घेते.