देवीचा मुखवटा घरी आला

आमच्या तापीकाठच्या गावात देवीची पूजा उखा गुरवांकडे. देवीचा चांदीचा मुखवटा मात्र वर्षभर शहाद्याला, सरकारी तिजोरीत असायचा. यात्रेच्या दिवशी तो पोलिसांच्या गाडीतून यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. तो जाताना उखाबांचे डोळे भरून यायचे.

मग सरकारनं देवस्थानाशी असलेला हा जुना संबंध तोडला. "देव तुमचा, तुम्हीच सांभाळा," असं म्हणून कारकुनानं मुखवटा उखाबांच्या हातात दिला. येताना ते जीपमध्ये लहान पोरासारखे हसत होते. आई कायमची घरी चालली होती ना!

त्यांनी मुखवटा धान्याच्या कोठीत ठेवला आणि गावाची नजरच फिरली. चहाच्या निमित्तानं कुणीही आत डोकावून जाई. त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, नवी साडी नेसली तरी देवीची चांदी विकल्याची कुजबुज व्हायची. उखाबांच्या बहिणीच्या तेराव्यालाही सिंधुबाई एकट्याच गेल्या. उखाबा कोठीपासून हलले नाहीत.

यंदा यात्रेला सरपंचानं आरतीआधी सोनार बोलावला. सोनार बिचारा मुखवट्याची मागची कड कसोटीच्या दगडावर घासणार, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मागून नही, पुढून घस! पुढला पत्रा बदलेल व्हई तं?"

सोनारानं देवीचा गाल दगडावर घासला. चांदी अस्सल निघाली. लाज वाटायची सोडून गावानं मोठ्यानं जयजयकार केला.

आरती संपेपर्यंत उखाबा मुखवटा धरून उभे होते. गालावरचा ओरखडा त्यांनी अंगठ्यानं झाकला होता.