सर्वज्ञांचा शुक्रवार

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत प्रत्येकाला एकेक काम येत असे. साचेवाल्याला साचे, शिवणाऱ्याला चामड्याचे पट्टे, मापवाल्या बाईंना मापं. सर्वज्ञांना सगळंच येत असे, त्यामुळे त्यांना कुठलंच काम दिलेलं नव्हतं. पुढे संगणक आला, तो त्यांच्या पदरात पडला. ते मालकांचे मेहुणे होते, आणि बायकोच्या भावाला घरी बसवण्याइतका धीट नवरा अजून जन्माला यायचा आहे.

संगणकाची एक अडचण होती. मापं ठेवायचा प्रोग्रॅम फार जुना. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि नव्या संगणकावर तो चालायला राजी नव्हता. तेव्हा बाहेरून बोलावलेल्या एका तंत्रज्ञ मुलीने नव्या संगणकाच्या पोटातच जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. पडद्यावर एक खिडकी उघडायची. तिच्या आत जुना संगणक, त्यात जुना प्रोग्रॅम, आणि त्यात चारशे बारा माणसांच्या उरलेल्या पायांची मापं, प्रत्येकाची डझनभर छायाचित्रं. बाहेरून बघितलं तर हा सगळा संसार म्हणजे एकच लठ्ठ फाईल.

"दर शुक्रवारी आतला संगणक बंद करायचा आणि ही फाईल या सुट्या डिस्कवर कॉपी करायची," मुलगी जाताना म्हणाली. "एवढं केलंत की बस."

'बस' हा शब्द सर्वज्ञांना लागला. जे काम कोणीही करू शकतं ते त्यांनी का करावं? त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. सुटी डिस्क खोक्यासकट कपाटात ठेवली. मग आतल्या संगणकात शिरून तिथल्याच 'डी' ड्राइव्हवर तारखेचं फोल्डर करायचं आणि सगळी मापं, छायाचित्रांसकट, त्यात ओतायची. तो 'डी' ड्राइव्ह त्याच लठ्ठ फाईलचा तुकडा होता, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली ते तिजोरीतच ठेवत होते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. स्वतःच्या शोधाकडे ते कधी संशयाने बघत नसत. तेवढा आदर त्यांना स्वतःबद्दल होता.

शुक्रवारी चार वाजता बॅकअप सुरू झाला की कोणी ठोकायचं नाही, घासायचं नाही, पंखा लावायचा नाही.

"साहेब, शिंकलं तर चालेल का?" साचेवाला विचारायचा.

"चेष्टा सुचते तुला. माहिती नाजूक असते."

मापवाल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "ठेवता कुठे हो हे सगळं?"

"डीमध्ये."

"आणि तो डी कुठे असतो?"

"बाई, तुम्ही मापं घ्या."

बाईंनी अकरा वर्षं तेच केलं होतं. जमिनीवर गुडघे टेकून, समोरच्याला लाज वाटू नये म्हणून काहीबाही बोलत, फीत फिरवत. स्वतःचे गुडघे त्यापायी कामातून गेले होते.

तीन वर्षं शुक्रवार चालले. मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि त्याचं चित्रीकरण कार्यशाळेच्या संगणकावर ठेवायचं ठरलं, कारण घरच्यावर जागा नव्हती. जागा इथेही नव्हती. सर्वज्ञांच्या दीडशे शुक्रवारांनी त्या फाईलचा अजगर करून ठेवला होता. पण हे कळायला फाईल कसली आहे ते माहीत असावं लागतं. त्यांनी सगळ्या फाईली आकाराने लावल्या. सगळ्यात वर एक अवाढव्य धूड. नाव धड नाही, कशाने उघडत नाही, आणि अर्धा संगणक गिळून बसलेलं. ही कायमची पुसली जाईल, नक्की ना, असं संगणकाने विचारलं. यंत्रं भित्री असतात हे सर्वज्ञांना ठाऊक होतं. त्यांनी पुसली. त्या जागेवर भाचीचं लग्न ओतलं आणि समाधानाने चहा घेतला.

सोमवारी एक निवृत्त टपालवाले आले. डाव्या कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती, तडकली होती, नवी हवी होती. बाईंनी खिडकी उघडायला घेतली. खिडकी उघडेना.

"साहेब, मापं दिसत नाहीत."

"घाबरू नका. बॅकअप आहे," सर्वज्ञ म्हणाले. "खिडकी उघडली की डीमधून काढून देतो."

"खिडकीच उघडत नाही म्हणतेय मी."

सर्वज्ञ खुर्ची ओढून बसले. अर्ध्या तासाने त्यांच्या कपाळावर घाम आला, पाऊण तासाने मालक. फोन लावून त्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं. तिने तीनच प्रश्न केले: फाईल कुठे आहे, सुट्या डिस्कवर काय आहे, आणि पुसल्यानंतर त्या जागेवर काही भरलंत का.

"लग्न थोडं लहान असतं तर काही सापडलं असतं," तिसऱ्याचं उत्तर ऐकून ती म्हणाली. "आता नाही."

"आणि डीवरचं?" सर्वज्ञांनी विचारलं.

"काका, आडच बुजवलात. पोहऱ्यात कुठून येणार?"

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग घरी काय होईल ते डोळ्यांपुढे आणलं, आणि कोणालाच काही बोलले नाहीत. चारशे बारा माणसांना परत बोलवायचं ठरलं. काही दोन दोन गाड्या बदलून येणारे, काही कुबड्यांवर. पावतीपुस्तकांतून नंबर काढून फोन करायचं काम सर्वज्ञांकडे आलं आणि त्यांनी ते मनापासून केलं. "आम्ही मापांचं नूतनीकरण करतोय," असं ते प्रत्येकाला सांगत. एकाही फोनवर त्यांची जीभ अडखळली नाही.

पाच आठवड्यांनी एक गोष्ट उघड झाली. बऱ्याच जणांचे पाय मधल्या काळात बारीक झाले होते आणि जुनी मापं तशीही चुकलीच असती. टपालवाले तर मुद्दाम येऊन सांगून गेले की नवा पाय मुळीच बोचत नाही.

"बघितलंत भावोजी?" सर्वज्ञ म्हणाले. "जुनी माहिती सडते. माझं मत विचाराल तर दर तीन वर्षांनी सगळं पुसायचंच."

"विचार करण्यासारखं आहे," मालक म्हणाले.

बाई खाली बसून एकशे अडतिसावं माप घेत होत्या. फीत दातांत धरलेली होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.