राखणदाराला ओळख पटली नाही

मी चौथीपर्यंत शिकलो. आधी गिरणी, गिरणी गेल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत लेथ मशीन. डॉक्टर बोलतात ते सगळं मला कळतं असं म्हणणार नाही. पण जे कळतं ते पक्कं कळतं.

बायको गेल्यापासून घाटकोपरच्या घरात मी आणि मुलगी, दोघंच. गेल्या वर्षी गणपतीनंतर तिला ताप आला. आला तसा उतरलाही. मग एका संध्याकाळी ऑफिसातून येताना ती जिन्यातच बसली. मी वरून म्हटलं, "काय गो, बापाच्या आधी म्हातारी झालंस?" एरवी उलट उत्तर आलं असतं. तिने जिन्याचा कठडा धरला. दम पुरत नव्हता, घोटे सुजले होते.

हॉस्पिटलात इको काढला. हृदयाचा स्नायू कमजोर झालाय, हृदय पसरलंय, म्हणाले. डॉक्टरीण तिच्याच वयाची. तिने मला समोर बसवून सांगितलं, "काका, तापाचे विषाणू मारायला शरीराची जी फौज निघाली, ती नंतर थांबलीच नाही. तिने बहुतेक हृदयालाच परकं समजलं. आपलं कोण, परकं कोण, हे ओळखायच्या खुणा जीन्समध्ये असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. काही खुणा असल्या की या आजाराचा धोका जरा वाढतो. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बापाकडून."

डॉक्टरीण 'फौज' म्हणाली आणि मला राखणदार देव दिसला. आमच्या गावच्या शिवेवर तो फिरतो. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, नारळ, कोंबडा. घरात सून आली, मूल जन्मलं, की गाऱ्हाणं घालून त्याला सांगायचं, बाबा, ह्या आपला माणूस, सांभाळ. माझी मुलगी मुंबईत जन्मली. तिला कुणी त्याच्यापुढे नेलंच नव्हतं.

मी सरळ सांगितलं, "म्हणजे राखणदाराला ओळख पटली नाही. तिला गावी नेऊन आणतो, गोळ्यांचं मग बघू."

डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "ओळख पटली नाही हे बरोबर बोललात. गावी जा, नारळ द्या. पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि तुमचाही इको काढू या. घरच्यांच्या या खुणा आम्ही अभ्यासाला घेतो, तेव्हा थोडं रक्तही द्या."

"माझ्या रक्तात खोट नाही," म्हणालो आणि उठलो.

पुढे एका सकाळी तुळशीला पाणी घालताना मातीत गोळ्या दिसल्या. अर्धवट विरघळलेल्या.

"ह्या काय गो?"

"जीन्समध्येच लिहिलंय तर गोळी काय करणार, बाबा?"

"डॉक्टरीण धोका म्हणाली. लिहिलंय म्हणाली नाही."

"वा! मग तू का नाही देत रक्त? खोट निघेल म्हणून फाटली ना तुझी?"

"माझी?"

"मग दे ना. तू सुई टोचून घे, मी गोळी घेते. बोल."

त्याच दिवशी रिक्षा केली. शर्टाची बाही मीच वर केली. नर्सने दंडाला रबर बांधलं, तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, मोकळा हात मी शेजारी बसलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि हळू आवाजात सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझाच लेकरू. परक्या समजान ह्येच्या काळजाक हात लावू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ती मोठ्याने म्हणाली. सगळे वळून बघायला लागले.

नर्स म्हणाली, "आजोबा, मूठ आवळा."

रक्तानंतर माझा इकोही झाला आणि तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी समोर बसून गिळायला लावायचो, जीभ बाहेर काढून दाखव म्हणायचो. "पोलीस आहेस का रे?" म्हणायची, पण दाखवायची. मध्ये गावी जाऊन मी एकटाच नारळ देऊन आलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरिणीने दोघांना एकत्र बसवलं. "काका, तिच्यात जी खूण सापडली, ती तुमच्याकडेही आहे."

त्यापुढचं मी ऐकलंच नाही. मान वर होईना. आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचं वाईट केलं नाही, आणि पोरीला द्यायला माझ्याकडे हे होतं.

तिने माझी बाही ओढली. "बाबा, पुढचं ऐकलंस का? तुझं हृदय एकदम ठणठणीत आहे. तीच खूण, आणि तुला काही नाही! आणि माझंही जरा सुधारलंय."

"जरा," डॉक्टरीण म्हणाली. "गोळ्या थांबवायच्या नाहीत."

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "नाक आईचं, हट्ट तुझा, आता हेही तुझंच निघालं."

"हट्ट तेवढा पुरे होता गो."

"असू दे रे. तुझंच आहे ना."

तिने पर्समधून दुपारची गोळी काढली, मी न सांगता. मी बाटलीचं झाकण उघडून धरलं. तिला पाणी मोजून प्यायचं असतं. तिने घोटभर पाणी घेऊन गोळी गिळली आणि सवयीने जीभ काढून दाखवली.