हळदीच्या पुडीत गेलेला शेवट

मुलानं पुण्याहून जुन्या कॉमिक्सची नवी आवृत्ती पाठवली. मुखपृष्ठावर तोच उडणारा मुखवटेवाला, पण कागद मेला गुळगुळीत. नाकाशी धरला तर नुसती शाई. आमच्या कॉमिक्सना हळदीचा, जिऱ्याचा वास यायचा.

सेलूला आमचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला बाबा किलोवर रद्दी घ्यायचे. तिच्यात कॉमिक्सही असायची आणि बाबा पानं मागून फाडत जायचे. त्यामुळं पुस्तक आमच्या हाती येईपर्यंत गोष्टीचा शेवट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचलेला असायचा.

त्या हिवाळ्यात दादाचा ताप उतरतच नव्हता. दुकानामागच्या खोलीत तो सरकीच्या पोत्यांना टेकून पडलेला असायचा आणि मी त्याला वाचून दाखवायचे. मुखवटेवाला आणि त्याचा भाऊ जळत्या कारखान्यात शिरले, आणि तिथंच पानं संपली.

"दादा, पुढं काय झालं असंल?"

"काय व्हायचंय? दोघंबी बाहेर आले. आता घरी बसून भाकर खायलेत."

"खरंच?"

"मंग! लय ताकद हाय त्याच्यात."

एवढं बोलतानाही त्याला धाप लागली. संक्रांतीच्या आत दादा गेला.

आज ते शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. मुखवटेवाला एकटाच बाहेर येतो, मुखवटा काढून पायरीवर बसतो. उडत नाही.

शेवट फाडला म्हणून मी कितीतरी दिवस बाबांवर रुसले होते. पण मला तो दादाला वाचून दाखवावा लागला नाही.