देओलिंदाबाईंच्या सूचनेला मिळालेलं उत्तर

देओलिंदाबाईंची बेकरी मिन्यो प्रांतात, पण त्यांची खरी ख्याती सवालजवाबात. जत्रेत नवरा अलिपियु कॉन्सर्टिना, म्हणजे हातातली छोटी पेटी, वाजवी आणि बाई समोरच्याला तिथल्या तिथे रचलेल्या ओळींनी सोलून काढीत.

यंदा कॉपीराइटच्या नव्या कायद्याचा मसुदा आला. जत्रेत कोणती गाणी होणार, कोणाची, याची यादी आधी द्यायची, नाहीतर गाणं बंद. बाईंनी सरकारी खात्याला लांबलचक सूचना पाठवली. उत्तर आलं, 'मिळाली.' सुनावणी राजधानीत, लिस्बनला, भर कामाच्या दिवशी.

"तुम्हीच या की इकडं," बाई फोनवर म्हणाल्या. "जेवायला घालते."

जेवणाला भुलून म्हणा, खात्यातले दोतोर लेआंद्रो खरंच आले. शिकलेल्या साहेबाला तिकडे 'दोतोर' म्हणतात. गावच्या सभागृहात, मांडलेल्या जेवणापुढे, त्यांनी मसुदा वाचला आणि विचारलं, "काही सूचना?"

एरवी रस्त्यावरच्या खड्ड्यावरून तासभर भांडणारं गाव दोतोरांपुढे शाळेत बसल्यासारखं बसलं. बाईंनी ओळखलं, हा माणूस आता 'हरकत नाही' असं लिहून घेऊन जाणार.

"अलिपियु, पेटी काढ."

"आत्ता? सूप निवतंय."

"निवू दे."

पेटी वाजली, तसं गाव खुर्च्यांत सरसावून बसलं. बाई कमरेवर हात ठेवून दोतोरांपुढे उभ्या राहिल्या:

"ओठांवरती ओळ येईतो मलाच नसते ठावी,
यादी तिची आदल्या दिवशी कुठून तुम्हां द्यावी? सांगा, दोतोर लेआंद्रो!"

आता आली पंचाईत. ज्याचं नाव घेतलं त्यानं गाऊनच उत्तर द्यायचं, हा तिथला रिवाज. जो देणार नाही, त्याला पुढच्या जत्रेपर्यंत गाव 'मुका' म्हणून हाक मारतं.

"बाई, मी सरकारी माणूस आहे," दोतोर म्हणाले.

"सरकारला गळा नसतो होय?" मागून कोणीतरी म्हणालं.

दोतोरांनी वाइनचा घोट घेतला, टाय सैल केला आणि दोनदा ताल चुकवत म्हणाले:

"कलम आम्ही लिहिलं बसून बंद खोलीमधी,
गाणारं माणूस तिथं आलंच नव्हतं कधी!"

मग काय विचारता. खाटकानं ओळ टाकली, दाईनं टाकली, पाद्रीबाबांनीही एक सोडली. दोतोर प्रत्येकाला उत्तर देत होते, घाम पुसत होते आणि मधूनच कागदावर काही खरडत होते. गावातलं बोलायचं कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे सूप वाढलं गेलं, पुन्हा गरम करून.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत खात्याचं पाकीट आलं. जागच्या जागी रचलेल्या गाण्यांना यादी लागणार नाही. इथून पुढे सुनावण्या गावोगावी होतील आणि प्रत्येक सूचनेला उत्तर मिळेल.

बाईंनी पिठाच्या हातानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"गद्यात दिलंय," त्या कुरकुरल्या.

"अगं, पण दिलंय ना," अलिपियु म्हणाला.

"तेही खरंच," म्हणत बाईंनी पाव भट्टीत सरकवला.